तोमे म्हणाली, कोवाई

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेल्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या वाडीत ही गोष्ट सांगितली, तर तिथला मुखिया मध्येच उठून दार उघडून उभा राहिला. म्हणे, एवढं खोटं घरात मावत नाही, थोडं बाहेर जाऊ द्या. तेव्हा ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल दाणे निवडत राहावं. ज्यांना ठेवायचाय त्यांनीही निवडत राहावं. बाजारात चवळीचा भाव चांगला आहे आणि किडका दाणा गोष्टीच्या नादात आत गेला की व्यापारी सगळं पोतं परत पाठवतो.

गोष्ट तोमेची. ती ही काय समोर बसली आहे, ढिगाऱ्यापलीकडे, ऐंशीच्या घरातली. मान वर करत नाही. करणारही नाही. आपली स्तुती चालू असताना मध्ये कोण बोलतं?

तर, तोमे म्हणजे ‘पुरे’. तिच्या बापाला एकापाठोपाठ पाच मुली झाल्या, आणि सहावी झाली तेव्हा त्याने नावातूनच देवाला निरोप धाडला: पुरे. देवाला काही तो निरोप पोचला नाही, तिच्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. पण नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. त्याचा परिणाम असा की जन्मभर कुणी तिला ‘पुरे आता’ म्हटलं, की आपल्याला हाक मारली असं समजून ती ‘आले’ म्हणायची आणि दुप्पट जोराने कामाला लागायची.

दक्षिणेकडच्या मियागीहून बारा घरं बोटीत बसून उत्तरेच्या या होक्काइदोत आली, त्यात तोमे होती, तिचा नवरा एइकिची होता आणि तिची सासू इशी होती. इशीबाईंचं वजन बारा घरांच्या सामानापेक्षा कमी होतं, जीभ मात्र तेवढ्याच वजनाची. सरकारची बोली साधी होती. प्रत्येक घराला रानाचे पाच तुकडे. तीन वर्षांत पाचही तुकडे साफ करून पेरले तर जमीन तुमची, नाही तर सगळी परत. चार केले आणि एक राहिला तरी पाचही परत. सरकारच्या कागदावर ही दरी ओसाड होती. त्या ओसाड दरीत नदीच्या वळणावर इथल्या मूळच्या ऐनू लोकांच्या चुली पेटलेल्या होत्या, पण त्यांना कुणी कागद दाखवला नव्हता. पहिल्या वर्षी दंव पडून आमचं सगळं पीक काळं पडलं, तेव्हा तिथल्याच एका म्हातारीने तोमेला रानातल्या लिलीचे कंद खणायला शिकवलं. बारा घरं त्या कंदांवर जगली. तोमे अजून म्हणते, माझ्या शेतात आधी तिचे कंद होते.

रान कसं होतं ते आता कुणाला सांगून पटत नाही. बांबूचं गवत माणसाच्या डोक्यावर दोन हात. डास एवढे, की हवेत कुदळ टेकवून ठेवली तर उभी राहायची. थंडीत आंबवलेल्या सोयाबीनचा, मिसोचा, गोळा कुऱ्हाडीने फोडावा लागे आणि मग कुऱ्हाडीला धार लावावी लागे. आणि एल्म! तोमेच्या जमिनीत नदीकाठाला एक एल्मचं झाड होतं. त्याच्या दक्षिण बाजूला वसंत यायचा, तो बुंध्याला वळसा घालून उत्तर बाजूला पोचेपर्यंत पानगळ सुरू झालेली असे.

दुसऱ्या हिवाळ्यात एइकिचीला खोकला धरला आणि तो गेला. त्यात काही वाढवून सांगण्यासारखं नाही. तोमे आणि इशीबाई, दोघींनी गोठलेली जमीन फोडून त्याला पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोमे करवत घेऊन रानात गेली, कारण झाडं पाडायचे महिने बर्फाचेच. पडलेलं लाकूड बर्फावरून ओढता येतं, चिखलातून येत नाही. मुखिया साकुझो म्हणाला, “अगं, चार दिवस तरी थांब.” ती म्हणाली, “बर्फ थांबणार आहे का?”

आता इथे एक शब्द समजून घ्या, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. आपण मियागीची माणसं. दिवसभर राबून पाठ मोडली की आपण काय म्हणतो? कोवाई. कोवाई म्हणजे दमले, गळून गेले, अंगात त्राण नाही. लहान पोरालाही ठाऊक. पण तिकडे तोक्योत ‘कोवाई’ म्हणजे भीती वाटते. भूत बघितलं की कोवाई, वीज कडाडली की कोवाई. हे आज रेडिओ ऐकून ऐकून सगळ्यांना माहीत झालं. तेव्हा या बारा घरांत एकालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वसंतात पाहणीचा साहेब आला. नाव हिराओका. खास तोक्योचा, मिशी कोवळी, टोपी ताठ, पायात कातडी बूट. तोमे त्या दिवशी पहाटेपासून बांबूची मुळं उपटत होती. ती मुळं जमिनीखाली एकमेकांचे हात धरून बसलेली असतात, एक ओढलं तर शेजारच्या गावातली झोपडी हलते. साहेब बांधावर उभा राहिला.

“काय बाई, कशी आहेस?”

“कोवाई, साहेब.”

साहेबाने भोवतालच्या रानाकडे पाहिलं. कुठे तरी कावळा ओरडला. “फार?”

“फार. सकाळी उठले की कोवाई, रात्री पाठ टेकली तरी कोवाई.”

“साहजिक आहे. एकट्या बाईने अशा जागी...”

“एकटीदुकटीचं काय त्यात? नवरा होता ना, तोही रोज कोवाई म्हणायचा.”

“पुरुष असून?” साहेबाच्या मिशीला धक्का बसला.

“पुरुषच जास्त, साहेब. संध्याकाळी घरी आला की दारातच बसायचा आणि कोवाई कोवाई म्हणत राहायचा. मग मी पाय चेपून द्यायची, तेव्हा कुठे जेवायचा.”

साहेबाने वही काढली आणि बराच वेळ लिहिलं. जाताना अगदी हळुवारपणे म्हणाला, “काळजी करू नकोस. तुझी यातून सुटका करतो.” तोमेला वाटलं, बैल पाठवणार. आठ दिवस ती बैलासाठी गवत कापून ठेवत होती.

बैल आला नाही. पेरणी संपता संपता कागद आला. मुखिया साकुझोने तो बारा घरांपुढे उभं राहून वाचला. कागद वाचताना त्याचा आवाज देवळातल्या पुजाऱ्यासारखा व्हायचा. “सदर विधवा रानास भिते, असे तिने स्वतः तोंडी कबूल केले आहे. तिचा मयत पतीही अत्यंत भित्रा असून रोज दारात बसून भीतीने विव्हळत असे. सबब हिवाळ्यापूर्वी शेवटची पाहणी करून, कसूर आढळल्यास ही जमीन ताबडतोब योग्य पुरुषास देण्यात येईल.”

मग इशीबाई उठल्या.

“भित्रा? माझा एइकिची? अरे, सात वर्षांचा असताना त्याने सापाला शेपटीला धरून परत बिळात घातला होता!” मग सुनेकडे वळल्या. “काय सांगितलंस गं त्या टोपीला?”

“कोवाई म्हटलं, आई.”

“मग? खरंच आहे ते. सगळेच कोवाई. त्यात भित्रं काय आलं?”

“तेच मला कळत नाही.”

साकुझोने कागदाची घडी घातली. “मी सांगतो ऐक. कागदाला पुरुष हवाय. एखादा नवरा कर. तात्पुरता.”

“कागदावरचा नवरा झाडं तोडतो का?”

“तोडत नाही.”

“मग कागदाच्याच घरी राहू दे त्याला.”

त्या दिवसापासून तोमेला एकच गोष्ट दिसत होती. चार तुकडे झाले होते. पाचवा नदीपलीकडे होता आणि तिथे पायही ठेवायला जागा नव्हती. बर्फ होता तोवर नदीवरून चालत जाता येत होतं. आता नदी फुगली होती, आणि होडी करायला वेळ नव्हता. पाचवा राहिला तर एइकिचीने ज्या चारांत जीव घातला तेही जाणार, त्याला पुरलेली जागाही जाणार. तेव्हा तोमेने एल्मकडे पाहिलं.

करवत बुंध्याला लावली ती एका अमावास्येला आणि झाड हललं पुढच्या अमावास्येला. मध्ये करवतीचे दात दोनदा झिजले. एका बाजूने भुसा एवढा साठला की इशीबाईंनी त्यात खायचे मुळे पुरून ठेवले. झाडाला आपण कापले गेलो आहोत हे कळायलाच तीन दिवस लागले. तोवर ते नुसतंच उभं होतं, सवयीने. चौथ्या दिवशी एक खार शेंड्याकडून धावत खाली आली, आणि तेवढ्या धक्क्याने ते नदीवर आडवं झालं. त्या आवाजाने तीन डोंगर पलीकडच्या स्टेशनात लोक गाडी आली म्हणून उभे राहिले.

“एवढं रुंद खोड म्हणजे रस्ताच की,” कुणीतरी म्हणालं ना आत्ता? बरोबर. इकडच्या काठाला बुंधा होता. बुंध्यावर रस्ताच. मधोमध पोचेपर्यंत त्याची फळी होते. आणि पलीकडच्या काठाला शेंडा, तिथे नुसती काठी. खाली नदी, आणि त्या वर्षी पाऊस. तोमे पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट बांधून रोज त्यावरून जायची. जाताना बी, कुदळ, शेणखत. येताना मुळं, कारण मुळं तिथेच ठेवली तर परत रुजतात. एका फेरीत दीड माणसाचं वजन. उन्हाळा संपता संपता पलीकडे ‘सोबा’ हे काळ्या दाण्याचं, झटपट येणारं धान्य पेरून झालं. त्याला पंचाहत्तर दिवस लागतात. तोमेकडे शहात्तर होते.

हिराओका साहेब आला तेव्हा डोंगर तांबडे झाले होते. वाडीतले सगळे काठावर जमले, आम्ही पोरंही. साहेबाने चार तुकडे पाहिले, मान हलवली, वहीत चार खुणा केल्या. मग नदीकडे पाहिलं, खोडाकडे पाहिलं, आणि टोपी सारखी केली.

“पाचवा इथूनच दिसतो,” तो म्हणाला.

“इथून दिसतं ते आभाळ आहे, साहेब,” तोमे म्हणाली. “शेत त्या चढाच्या मागे आहे.”

“मग नियमाप्रमाणे, पाहिला नाही म्हणजे झालेला नाही.”

“म्हणूनच चला म्हणते.”

माणसाला नाही म्हणता येईना, कारण पंधरा-वीस बायकापोरं बघत होती. साहेब निघाला. बुंध्यावर तर अगदी ऐटीत चालला, छडी फिरवत. वाटेचा तिसरा हिस्सा सरेपर्यंत छडी खाली आली. मधोमध पोचला आणि थांबला. कातडी बूट, ओलं शेवाळ, आणि पायाखालून नदी सुसाट. त्याने खाली पाहिलं. ते करायला नको होतं. चार पायांवर बसला, डोळे मिटले आणि ओरडला,

“कोवाई!”

सगळ्या काठाला दया आली.

“बिचारा दमला!” इशीबाई म्हणाल्या. “साहेब, बसा! बसा तिथेच! काही घाई नाही!”

“कोवाई! कोवाई!”

“हो हो, कळलं! तोक्योहून चालत आल्यासारखंच आहे ते. पाय मोकळे सोडा खाली, बरं वाटेल!”

“पाय सोडा?” साहेब किंचाळला.

“उपाशी असेल,” साकुझो म्हणाला. इशीबाईंनी लगेच एक उकडलेला बटाटा कपडे वाळत घालायच्या लांब बांबूला टोचला आणि काठावरून साहेबाच्या नाकाशी धरला. “खा, साहेब. अंगात जोर येईल. मग हळूहळू या. हवी तर डुलकी काढा.”

“मला डुलकी नको! मी दमलेलो नाही!” बटाटा कानाला लागून भाजला तसा तो आणखीच घट्ट चिकटला. “मला भीती वाटतेय! भीती! मी पडेन!”

इशीबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, “मग भीती म्हणायचं ना सरळ. तेवढा वेळ कोवाई कोवाई काय करत होता?”

आता साहेब डोळे मिटून खोडाला मिठी मारून होता, पण माणूस शिकलेला. मग एक डोळा उघडला. तोमे त्याच्या मागेच उभी होती, ओझ्याची चौकट पाठीला बांधून.

“बाई,” तो म्हणाला. “वसंतात मी तुला विचारलं, कशी आहेस.”

“विचारलंत.”

“तेव्हा तू...”

“कोवाई म्हटलं. पहाटेपासून मुळं उपटत होते.”

“आणि तुझा नवरा, दारात बसून...”

“त्याचे पाय दुखायचे, साहेब.”

साहेबाने तो डोळाही मिटला. खालून नदी चालली होती. “मला इथून काढ,” तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

“काढते की. कुठल्या काठाला?”

“जवळच्या!”

“जवळ दोन्ही सारखेच आहेत. तुम्ही मधोमध आहात.”

“घरच्या, बाई, घरच्या!”

“मग पाहणी अर्धी राहील,” तोमे म्हणाली. “आणि पाहिला नाही म्हणजे झालेला नाही.”

तिने चौकट खाली टेकवली, साहेबाला खोडावरून एकेक बोट सोडवून तिच्यावर बसवलं आणि गवताच्या दोरीने आवळला, तोंड मागे, पाठ तिच्या पाठीला, जसं भाताचं पोतं बांधतात. टोपीसकट उचलला. आणि निघाली पलीकडे, जिथे खोडाची काठी होते. साहेब काय बोलत होता ते नीट ऐकू आलं नाही. बहुतेक आईचं नाव होतं.

तिथे नुसती पोचली नाही. पाचव्या तुकड्याच्या चारही कडांवरून तिने त्याला तसाच फिरवला. दर कोपऱ्याला वळून उभी राहायची, म्हणजे तोंड मागे असलेल्या साहेबाला शेत समोर दिसेल. “हा दक्षिणेचा कोपरा. डोळे उघडा, साहेब. बुंधा एक तरी दिसतो का? बोला.” “नाही दिसत.” “हा पूर्वेचा. बांबू आहे?” “नाही.” सोबा कापून पेंढ्या उभ्या केलेल्या होत्या, लाल देठांच्या. साहेबाने शंभरावर पेंढ्या मोजल्या, कारण मोजताना नदी आठवत नाही. मग तोमेने कापलेल्या पेंढ्यांचा एक भारा साहेबाच्या मांडीवर ठेवला, परत रिकामं कशाला जायचं म्हणून, आणि तशीच खोडावरून घरी आली.

दोरी सोडल्यावर साहेब काठावरच बसला. इशीबाईंनी त्याच्या हातात सोब्याच्या पिठाची गरम पेज दिली. त्याने ती पूर्ण प्यायली. मग वही उघडली. पण लेखणी काही टेकेना.

“मी आधी लिहून पाठवलंय की ही बाई भिते,” तो म्हणाला. “त्यावर शिक्का बसलाय. आता ते चूक म्हणायचं तर कारण द्यावं लागेल. आणि कारण दिलं तर...” त्याने नदीकडे पाहिलं नाही.

“तर तुम्ही पोत्यासारखे बांधले गेलात तेही लिहावं लागेल,” इशीबाईंनी वाक्य पुरं केलं.

साकुझो म्हणाला, “साहेब, भाषेची चूक लिहा ना.”

“तोक्योत मला विचारतील, कुठली चूक? कशी कळली?”

जमीन एका लेखणीच्या टोकावर होती आणि लेखणी हवेत होती. तेव्हा तोमे पुढे आली. मघाशी केस कपाळावर आले होते ते तिने मागे केले.

“साहेब, जे पाहिलंत ते लिहा. तुम्ही पाचही तुकडे पाहिलेत. मला त्या खोडावरून जाताना पाहिलंत. कुणाच्या पाठीवरून पाहिलंत हे कोण विचारणार आहे?”

साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असावं. त्याने वहीतली आधीची ओळ खोडली आणि कोऱ्या सरकारी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मग साकुझोला म्हणाला, वाचून दाखवा. साकुझोने पुजाऱ्याच्या आवाजात वाचलं: “पाचही तुकडे प्रत्यक्ष फिरून तपासले. सर्व साफ, पेरलेले, पीक निघालेले. पूर्वीची नोंद चुकीची. सदर विधवा अंगी बळ असलेली असून ती कशासही भीत नाही. तिचा मयत पतीही भित्रा नव्हता. जमीन कायमची तिच्या नावे करावी.” त्यावर शिक्का मारला. इशीबाईंनी तो शिक्का वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, आणि मग दोघी सासूसुना एइकिचीच्या जागेवर गेल्या, त्याच्याबद्दलची ओळ त्याला सांगायला.

तो कागद आजही तिच्या घरी चौकटीत लावलेला आहे, जाऊन बघा. त्यात जे लिहिलंय ते सरकारी सत्य आहे, त्यात कुणी अक्षर बदलू शकत नाही. बाकी सगळ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर. झाड एवढं रुंद नव्हतं म्हणा, डास एवढे दाट नव्हते म्हणा. पण एक गोष्ट शंभर टक्के खरी. त्या दिवशी फुगलेल्या नदीवर, ओल्या काठीवरून, पाठीवर अख्खा साहेब घेऊन जाताना तोमेला तिळभरही भीती वाटली नाही, पाऊल जरा...

“खोटं!” ढिगाऱ्यापलीकडून तोमे म्हणाली. मूठभर दाणे तिच्या हातातून खाली पडले होते. “सपशेल खोटं. माझ्या तोंडावर कोवाई लिहिलेलं होतं, आपलं नव्हे, तोक्योचं. साहेबाचं तोंड मागे होतं म्हणून त्याला दिसलं नाही, आणि तुम्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या टोपीकडे होतं.”